आधी तिथी, मग पत्ता

मुंबईच्या उपनगरांत दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याला आपण खाण्याची जी यादी देतो, ती पाठ झालेली असते. वडापाव, पावभाजी, सँडविच, घाटकोपरच्या खाऊगल्लीतले नाना तऱ्हेचे डोसे. हे सगळं जरूर खावं. पण यातला बहुतेक माल अलीकडचा आहे. वडापावची सुरुवात अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच्या गाडीवर केली, असं मानलं जातं. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही गावं भात पिकवत होती, मासे मारत होती, ताडी काढत होती. त्या गावांचंही एक जेवण होतं आणि ते अजून आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर ते फारसं दिसत नाही, कारण ते पत्त्यापेक्षा तिथीवर, ऋतूवर आणि भरती-ओहोटीवर अवलंबून आहे. म्हणून उपनगरात खायला यायचं तर आधी पंचांग उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माहीमच्या खाडीपलीकडचा हा सगळा भाग म्हणजे साष्टी. १५३४ मध्ये ती वसईसोबत पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातून गेली, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना शेतं आणि खाजणं होती. मुंबईच्या महापालिकेत ही उपनगरं आली ती थेट १९५० आणि १९५७ साली, दोन टप्प्यांत. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेला माणूस जन्मला तेव्हा बोरिवली आणि मुलुंड मुंबईत नव्हतीच.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर कोळी, मधल्या पट्ट्यात भातशेती करणारे कुणबी, भंडारी आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले गावकरी, पूर्वेला ठाण्याच्या खाडीलगत मिठागरांवरचे आगरी, उत्तरेच्या डोंगरात वारली आणि इतर आदिवासी अशी इथली मूळ वस्ती. शनिवार-रविवार हाताशी असेल तर सुरुवात किनाऱ्यावरून करावी.

वर्सोवा, मढ, गोराई या कोळीवाड्यांचा खरा मासा बोंबील. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून मान मिळाला आणि तो योग्यच आहे. पण कोळीवाड्यातलं घर चालतं ते बोंबील, जवळा आणि मांदेलीवर. बोंबील पकडतात डोल जाळ्यानं. हे जाळं माशामागे धावत नाही. ते एखाद्या लांबलचक पिशवीसारखं समुद्रात रोवून ठेवलेलं असतं, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणी जोरानं वाहतं आणि मासे त्याबरोबर आत लोटले जातात. म्हणजे पाण्याला ओढ असेल तरच जाळ्यात मासा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जास्त असते, डोलीला बोंबील भरपूर लागतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, जाळी हलकी. कोळणीला हे सांगावं लागत नाही, तिचा महिनाच त्यावर चालतो. पाहुण्यानं मात्र एवढं करावं की अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या लगतचा शनिवार निवडावा आणि सकाळी लवकर कोळीवाड्याच्या बाजारात पोहोचावं. घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाणारी मेट्रो २०१४ पासून धावते आहे. शेवटच्या स्टेशनाहून कोळीवाड्यापर्यंत रिक्षा करावी लागते.

ताजा बोंबील ओळखायला सोपा. तो जवळजवळ पारदर्शक, किंचित गुलाबी झाक असलेला आणि हातातून निसटणारा असतो. त्याच्या अंगात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि त्याचं सगळं शास्त्र या पाण्याभोवतीच फिरतं. तळायचा तर आधी डोकं, शेपूट, पर काढायचे, मधून चिरून पुस्तकासारखा उघडायचा आणि पाट्याखाली किंवा जड फळीखाली तासभर दाबून ठेवायचा. पाणी निथळून जातं, मांस एकजीव होतं. मग मीठ, हळद, कोळी मसाला, वरून तांदळाच्या पिठाचा हलका हात. हॉटेलात रव्याचं जाड कवच येतं. कोळी घरात ते फारसं नसतं. दाबायची पायरी गाळली तर तव्यावर पाणी सुटतं आणि बोंबील तळला न जाता शिजून मोडतो.

कालवणात उलट. तिथे दाबायचं नाही, ते पाणीच हवं असतं. आलं-लसूण, मसाला, चिंच किंवा कैरी, उकळी आली की बोंबील सोडायचे आणि काही मिनिटांत टोप उतरवायचा. एकदा बोंबील आत गेले की पळी घालायची नाही. टोपाचे काठ फडक्यानं धरून तो गोल हलवायचा. सोबत तांदळाची भाकरी. हे कालवण ज्यानं कोळी घरात किंवा कोळणींच्या महिला गटानं लावलेल्या स्टॉलवर खाल्लं असेल, त्याला बोंबील फक्त कुरकुरीत खायचा असतो असं पुन्हा वाटणार नाही. वर्सोव्यात हिवाळ्यात सी-फूड महोत्सव भरतो, तिथे कोळणी स्वतः चुलीमागे असतात. त्यांना 'मावशी, आज घरी काय केलंय?' असा सरळ प्रश्न करून खावं. यादीत नसलेलं काहीतरी नक्की पुढे येतं: खुबे, तिसऱ्या, खाडीतल्या निवट्या, नाहीतर जवळ्याची वडी.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत गोराईला किंवा मढला गेलात तर वलांडी दिसतात: बांबूंच्या लांब ताटव्या, त्यांवर दोरीला टांगलेले हजारो बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी दोरीवर सोडतात. वेगळी गाठ लागत नाही, त्यांचे वाकडे दातच ती गाठ. एवढं पाणी असलेला मासा ऊन आणि खारा वारा दोन्ही बाजूंनी लागल्याशिवाय वाळत नाही, म्हणून तो जमिनीवर न पसरता टांगतात. या वाळवणीच्या जागा वर्षागणिक आकसत आहेत आणि याची काळजी फक्त कोळ्यांनी करावी असं मला वाटत नाही. वाळवणाची जागा गेली की एका समाजाचं पावसाळ्यातलं जेवण जातं.

किनाऱ्याहून आत वळलं की गावठाणं लागतात. अंधेरीत आंबोली, मरोळ, सहार, कोंदिविटा. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई, कुळवें आणि पुढे मनोरी. उंच इमारतींच्या मधोमध अचानक कौलारू घर, अंगणात क्रूस, ओटीवर बसलेली आजी आणि तिची मराठी. हे ईस्ट इंडियन लोक. गोव्याहून आलेले नव्हेत. इथलेच शेतकरी, कोळी, भंडारी, जे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि बाहेरून आलेल्या इतर ख्रिस्ती समाजांहून वेगळी ओळख म्हणून हे नाव घेतलं. अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत १५७९ च्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत.

या समाजाचं स्वयंपाकघर एका मसाल्यावर उभं आहे: बाटली मसाला, त्यांच्याच बोलण्यात बॉटल मसाला. एप्रिल-मे महिन्यांत, कडक उन्हात, वर्षभराचा एकदाच करतात. दोन-तीन जातींच्या मिरच्या, हळद, धणे, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, दगडफूल, नागकेशर, तिरफळ... घराघराची यादी वेगळी आणि वीस-पंचवीसच्या खाली सहसा नाही. पण या मसाल्याला वेगळेपण देणाऱ्या वस्तू भलत्याच आहेत: तीळ, खसखस, गहू आणि चण्याची डाळ. हे भाजून कुटलेले दाणे कालवणाला अंग देतात. म्हणून ईस्ट इंडियन कालवणात खोबऱ्याचं वाटण कमी असलं किंवा नसलं तरी रस्सा पातळ पाणी होत नाही. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बाया उखळ-मुसळ घेऊन गावोगाव फिरत आणि अंगणात तालावर मुसळं पडत. कुटलेला मसाला बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत काठीनं ठासून भरत. त्यात काटकसर होती, तसं शहाणपणही होतं. मिरचीचा लाल रंग उजेडानं आणि हवेनं उडतो, मसाल्याचा वासही हवेनं उतरतो. गडद काच उजेड अडवते, ठासून भरल्यावर आत हवा उरत नाही आणि बाटलीचं अरुंद तोंड रोजच्या वापरात फारशी हवा आत येऊ देत नाही.

या मसाल्यातली कोंबडीची खुड्डी, मटणात दुधी घालून केलेलं लग्नातलं लोणवास, आंबट-तिखट इंदयाल हे पदार्थ एका बाजूला आणि फुगे दुसऱ्या बाजूला. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि आंबवायला ताडी. पीठ सैल, हाताला चिकटणारं. ते मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून काढायचं आणि गोळा सरळ तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो, आतून पोकळ होतो. ताडीत नैसर्गिक यीस्ट असतं. झाडावरून उतरवल्यानंतर काही तासांतच ती आंबू लागते, म्हणून पीठ फुगवायला ती तयार साधन होती. साष्टीत ताडाची झाडं आणि ताडी काढणारे भंडारी असल्यामुळेच हा पदार्थ इथे रुजला. आज बहुतेक घरांत विकतचं यीस्ट वापरतात. तेही चांगलंच लागतं, पण ताडीच्या फुग्यांना एक हलकी आंबूस गोडी असते ती त्यात येत नाही. दुसरी गोष्ट हातभाकरी: तांदळाच्या पिठाची उकड काढून, हातावर थापून, मातीच्या खापरीवर भाजलेली. पांढरीशुभ्र, मऊ, दुसऱ्या दिवशीही खाता येण्यासारखी.

हे सगळं हॉटेलात क्वचितच मिळतं. ते मिळतं घरगुती ऑर्डरवर. गावठाणातल्या अनेक बायका एक-दोन दिवस आधी सांगितलं तर जेवण करून देतात. चर्चच्या आसपास चौकशी केली की नाव-गाव कळतं. तिथीच हवी तर दोन लक्षात ठेवाव्यात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो: नव्या भाताच्या लोंब्या कापून, वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. शेत उरलं नाही अशा गावांतही हा सण पाळतात आणि त्या दिवशी घराघरांत पारंपरिक जेवण असतं. गोराईचा आगेरा पाहायचा तर बोरिवलीहून खाडी ओलांडून होडीनं जावं.

बोरिवलीला उतरलाच आहात तर बाजारातून एक फेरी मारा. पण ती मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला असेल तर फार उत्तम. वळवाचे एक-दोन शिंतोडे पडले की जमिनीतून शेवळं उगवतात. पालघर, वाडा, विक्रमगड भागातल्या आदिवासी बाया पहाटेच्या गाडीनं टोपल्या घेऊन येतात आणि बोरिवली, दहिसर, पार्ले या बाजारांच्या कडेला बसतात. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानटी झाडाचा फुलोरा, वीतभर लांब, तपकिरी-गुलाबी आवरणात गुंडाळलेला. जुडी विकत घेतली की बाई न मागता त्याबरोबर हिरव्या, गोल, आवळ्याएवढ्या काकडांची मूठ देते. तिनं दिली नाहीत तर मागून घ्या, त्यांच्याशिवाय शेवळं घरी नेऊ नका.

कारण असं. सुरण-अळूच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात टोचतात, त्यालाच आपण खाज म्हणतो. शेवळात ते भरपूर. म्हणून सोलताना आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा आणि भरपूर शिजवायचं. घाई केली की सगळं घर पाणी पीत बसतं. नीट शिजवलेल्या शेवळाची चव मात्र सांगता येणं कठीण: मातीचा वास, खिम्यासारखा पोत आणि मागून येणारा आंबटपणा. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत ती सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घालून करतात, पाठारे प्रभूंतही शेवळांचं मोठं कौतुक. शाकाहारी घरांत वाल घालतात. ज्येष्ठातले तीन-चार आठवडे, बस. मग ती संपतात आणि मागोमाग टाकळा, कुर्डू, कवळा, फोडशी, कंटोळी येतात. फोडशीच्याच जातकुळीतल्या सफेद मुसळीला वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी क्लोरोफायटम बोरिविलियानम असं नाव दिलं, म्हणजे बोरिवलीचं नाव वनस्पतींच्या जागतिक यादीत आहे ते इथल्या रानामुळे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून स्वतः काही तोडू नये, तिथे ते निषिद्ध आहे. शिवाय रानभाजी ओळखण्याचं काम त्या बायांवर सोडलेलंच बरं.

पूर्वेकडची भांडुप, विक्रोळी, मुलुंड ही उपनगरं गिरणगावातून आणि थेट कोकणातून आलेल्या माणसांनी भरली. इथल्या छोट्या मालवणी खाणावळींत कोंबडी-वडे खावेत, मात्र वडा नीट पारखून. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांच्या भरड पिठाचा, थापलेला, जाडसर, चावायला लागणारा वडा हवा. पुरीसारखा पातळ असेल तर तो रश्शात बुडवताच लोळागोळा होतो. बांगड्याच्या कालवणात तिरफळ आहे का, हेही विचारावं. श्रावणात यातल्या अनेक चुली शाकाहारी होतात आणि गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, घराघरांत ऋषीची भाजी होते: बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची, म्हणजे अळू, लाल माठ, मक्याची कणसं, भोपळा, सुरण, भेंडी आणि आंबटाला अंबाडे. मसाला जवळजवळ नाहीच. आदल्या दिवशी मुलुंड, भांडुप, पार्ल्याच्या बाजारांत या भाज्यांचे एकत्र वाटे विकायला असतात. कोणाच्या घरी बोलावणं आलं तर सोडू नका, कारण शिजवलेली ही भाजी सहसा विकत मिळत नाही.

घाटकोपरची गुजराती चव सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तिच्यावर फार लिहीत नाही. रविवार सकाळचा फाफडा-जिलेबी, मुलुंडच्या कच्छी घरांतला थंडीतला अडदिया, मांडवीहून आलेली दाबेली. पण एक पदार्थ साष्टीच्या शेजारच्या जुन्या जेवणाशी नातं सांगणारा आहे: उंधियू. संक्रांतीच्या सुमाराला सुरती पापडी, कंद, रताळी, छोटी वांगी, कच्ची केळी आणि मेथीचे मुठिये. दुकानातला उंधियू तेलात शिजतो. मूळ रीत मात्र मडकं उपडं घालून भोवती विस्तव पेटवण्याची. आणि त्याच दिवसांत, खाडीपलीकडे रायगडात, शेतात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, हवं तर अंडी किंवा कोंबडी, मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. दोन्हीकडे थंडीतल्या वाल-पापडीचा हंगाम, दोन्हीकडे उपडं मडकं. घाटकोपरचा उंधियू शनिवारी खाऊन रविवारी अलिबागकडच्या पोपटीला जाणं जमत असेल, तर जानेवारीतले दोन दिवस याहून चांगले घालवता येणार नाहीत.

आणि समजा सुट्टी जूनमध्येच मिळाली? १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो. त्या दिवसांत बाजारातलं पापलेट बहुधा बर्फातलं असतं, त्याच्या मागे लागू नये. त्याऐवजी वर्सोव्याला जाऊन सुके बोंबील, जवळा आणि मूठभर सोडे घ्यावेत. बोरिवलीच्या फुटपाथवरून शेवळांची जुडी आणि काकडं घ्यावीत. ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांच्या स्वयंपाकघरात दुपारी शेवळं-सोडे शिजवावेत, सुके बोंबील निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून, लसूण आणि लाल मिरचीसोबत ठेचून चटणी करावी आणि तांदळाची गरम भाकरी घ्यावी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत कोळीवाड्यातल्या घरांतही हेच जेवण असतं.